वैतरणेचे ऋण

मुलुंडच्या पश्चिमेस, जिथे येऊरच्या डोंगराची उतरण वस्तीत येऊन मिसळते त्या बाजूने, माणूस आत ताठ उभा राहू शकेल एवढ्या व्यासाचे लोखंडी नळ एकमेकांना समांतर असे भांडुपकडे आणि तेथून पुढे घाटकोपरच्या दिशेने गेलेले आहेत. लहानपणी शाळेतून परतताना आम्ही मुले त्या नळांना कान लावून उभी राहत असू. आतून एक अखंड, खोल, एकसुरी घुमणे ऐकू येई. आणि पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट होऊन अंगाला चिकटू लागली, की नळाच्या पोटाखाली दवासारखे थेंब धरत आणि एकामागून एक खालच्या धुळीत पडत. हात लावला तर लोखंड गार लागे. हे पाणी तानशाचे, असे मोठी माणसे सांगत. पण तानसा ही नदी आहे, गाव आहे की नुसते नळाचे नाव आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते आणि सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांसही नव्हते. पुढे वयाची पन्नाशी उलटल्यावर शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर, भर वैशाखात, आटलेल्या विहिरीच्या तळाशी बसून वाटीवाटीने हंडा भरणारी एक बाई मी पाहिली, आणि बालपणी ऐकलेल्या त्या घुमण्याचा अर्थ मला तेव्हा प्रथम उमगला. धरणांचे लाभ कोणते आणि हानी कोणती, या प्रश्नाचा विचार करू लागलो की ही दोन दृश्ये माझ्या मनात शेजारी शेजारी उभी राहतात, म्हणून आरंभ त्यांच्यापासूनच केला आहे.

पाणी अडवून ठेवण्याची विद्या आपल्या या उपनगरांत इंग्रजांबरोबर आली असा समज असेल, तर तो बोरिवलीच्या अरण्यातील कान्हेरीस जाऊन दुरुस्त करून घ्यावा. तेथील शंभरावर लेण्यांपैकी बहुतेकांच्या दाराशी कातळात कोरलेले एकेक टाके आहे. डोंगरमाथ्यावरून उतरणारे पावसाचे पाणी बोटभर रुंदीच्या पन्हळींतून त्यात आणून सोडलेले आहे, आणि तेथील प्राचीन शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ असे नाव दिलेले आढळते. कोणा उपासकाने लेणे दिले तर त्यासोबत पोढीही दिली, अशी ती दानाची रीत होती. चार महिने आभाळ फाटल्यासारखे कोसळणारे आणि आठ महिने थेंबही न देणारे हे कोकणचे हवामान. अशा मुलुखात राहावयाचे तर पाणी साठविल्यावाचून गत्यंतर नाही, हे त्या भिक्षूंनी ओळखले होते. पण त्यांची पोढी तिच्यापुरते पाणी घेई, आणि तिच्यात पडणारा थेंब दुसऱ्या कोणाच्या तोंडचा काढलेला नसे. धरणाचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

मुंबई बेटाची तहान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असह्य झाली. १८४५ साली पाण्यासाठी नागरिकांनी ओरड केली तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पुढच्या दशकातील टंचाईत तर गुरे बेटाच्या मध्यवस्तीतून माहीमकडे हलवावी लागली आणि बाहेरून आणलेले पाणी विहिरींत ओतून लोकांना पुरवावे लागले. तेव्हा बेटाच्या उत्तरेस असलेल्या साष्टीच्या डोंगरांतून निघणाऱ्या मिठी नदीच्या खोऱ्यात धरण घालण्याची तजवीज झाली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत पोहोचले. त्यानंतर चार वर्षांनी झालेल्या शिरगणतीत बेटाची वस्ती आठ लाखांवर भरली, आणि विहार अपुरा पडला. १८७९ साली तुळशी आला. त्यानंतर पवई झाला, पण त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले. म्हणून नजर साष्टीपलीकडे, थेट शहापूरच्या अरण्याकडे वळली, आणि १८९२ साली तानसा नदीवर जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत उभी राहिली. त्या भिंतीमागचे पाणी आजही मुलुंडच्या त्या नळांतून वाहते. सव्वाशेहून अधिक पावसाळे त्या चुन्याच्या बांधकामाने अंगावर घेतले आहेत, हे ती भिंत घडविणाऱ्या पाथरवटांच्या आणि बेलदारांच्या हातांचे श्रेय होय. त्यांची नावे मात्र कोणत्याही दप्तरात मला आढळली नाहीत.

या पाण्याने काय दिले, याचा हिशेब कृतज्ञतेने मांडला पाहिजे. उघड्या तळ्यांचे आणि पायऱ्यांच्या विहिरींचे पाणी पिणाऱ्या त्या काळच्या मुंबईत पटकीची साथ वर्षाआड येई, आणि माणसांच्या पायांतून नारू निघत. झाकल्या नळातले पाणी आले म्हणून या रोगांना उतार पडला, आणि एवढ्या दाटीचे नगर जगू शकले. धरणांना बोल लावण्याची आज जी एक रूढी पडू पाहते आहे, तिच्यात सामील होणाऱ्याने आपल्या पणजीच्या पिढीतील बालमृत्यू एकदा आठवावेत.

दुसरा लाभ कोणाच्या फारसा ध्यानात येत नाही. विहार आणि तुळशी यांचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून त्यांच्या पाणलोट क्षेत्रातील जमीन सरकारने ताब्यात घेतली, तेथे वस्तीस मनाई केली, आणि त्या मनाईमुळेच भोवतालचे अरण्य तगले. बोरिवलीच्या शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात हे दोन तलाव आहेत. इमारतींचा लोंढा डोंगराच्या कुशीपर्यंत येऊन जो थांबला, तो वनखात्याच्या कुंपणाइतकाच या जुन्या मनाईमुळे थांबला, असे माझे मत आहे. आज मुलुंड, भांडुप, गोरेगाव या बाजूंना बिबट्या दिसल्याची वार्ता येते, तिच्या मागे एका अर्थी १८६० साली बांधलेला तो बांध उभा आहे.

उपनगरांचा संबंध मात्र या पाण्याशी बराच उशिरा आला, आणि ती हकिगत सांगण्याजोगी आहे. विहार-तुळशी साष्टीत, पण त्यांचे पाणी जाई बेटावर. अंधेरी, मालाड, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे आपापल्या बावड्यांवर आणि ओढ्यांवर जगत. १९५० साली मुंबईची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेस भांडुपपर्यंत वाढली, तेव्हा अंधेरी आणि घाटकोपर शहरात आले. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत नेण्यात आली, तेव्हा बोरिवली आणि मुलुंड आले. त्याच सुमारास, १९५७ सालीच, वैतरणेवरील पहिले मोठे धरण पूर्ण झाले आणि ना. वि. मोडक या अभियंत्याच्या नावावरून त्याच्या जलाशयास मोडकसागर हे नाव मिळाले. ही दोन सालांची जुळणी केवळ योगायोग नव्हे. वैतरणा आली नसती, तर बृहन्मुंबई ही कल्पना कागदावरच राहिली असती. आपल्या उपनगरांचा प्रत्येक मजला, प्रत्येक न्हाणीघर, प्रत्येक गच्चीवरील टाकी त्या नदीच्या आधारावर उभी आहे.

ही वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरांत, गोदावरीच्या उगमाच्या शेजारी उगम पावते. एक बहीण पूर्वेस गेली आणि दक्षिणेची गंगा झाली, दुसरी पश्चिमेस उतरून अर्नाळ्याजवळ समुद्रास मिळाली. पुराणांनी वैतरणा हे नाव यमलोकाच्या वाटेवरील नदीस दिले, जी मृतात्म्याला ओलांडावी लागते; आपल्या या हाडामासाच्या वैतरणेने मात्र जिवंतांना तारले. तिच्यावर आज तीन पायऱ्यांनी तीन धरणे आहेत. सर्वांत वर इगतपुरी तालुक्यात ऊर्ध्व वैतरणा, जिथे पाणी आधी वीज निर्माण करते आणि मग नदीत उतरते. मध्ये २०१४ साली पूर्ण झालेले, शंभर मीटरहून उंच असे मध्य वैतरणा. आणि खाली मोडकसागर. त्यांच्या जोडीला शहापूरजवळचे भातसा. भातशाचे पाणी धरणातून थेट नळात शिरत नाही. ते भातसा नदीच्याच पात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत वाहत येते आणि तेथून पंपाने उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रात नेले जाते. तानसा आणि मोडकसागर यांचे पाणी मात्र बव्हंशी उताराच्या जोरावर भांडुपच्या केंद्रापर्यंत येते. पंपाला खर्च पडतो, उतार फुकट असतो, हे जुन्या अभियंत्यांनी जाणले होते.

आता थोडे गणित, कारण धरणांचा विचार आकड्यांवाचून भावनेतच भरकटतो. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा या सात जलाशयांची एकत्रित उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे, आणि तीपैकी जवळजवळ अर्धी एकट्या भातशाची आहे. जे दोन तलाव आपल्या हद्दीत आहेत, ज्यांच्यावर एके काळी आठ लाखांचे नगर जगावे अशी अपेक्षा होती, त्या विहार-तुळशीचा वाटा आता उणापुरा अडीच टक्क्यांचा. उलट मुंबईस रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरविले जाते. त्यास ३६५ ने गुणले तर सव्वाचौदा लाख दशलक्ष लिटर होतात. म्हणजे जलाशय काठोकाठ भरले तर वर्ष कसेबसे निभते, आणि शिल्लक म्हणावी अशी काही राहत नाही. म्हणून तर आषाढ-श्रावणात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर तलावांची पातळी छापली जाते, आणि ती वाचून घरोघरच्या गृहिणी पाऊस पुरेसा झाला की नाही ते ठरवितात. त्या पातळीच्या चौकटीत जी नावे छापलेली असतात त्या गावांत पाण्याची काय अवस्था आहे, हे मात्र त्या चौकटीत छापलेले नसते.

शहापूर तालुक्यात पाऊस कमी पडतो असे नाही. दर वर्षी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. पण जमीन उताराची, मातीचा थर पातळ आणि खाली काळा अभेद्य कातळ. पडलेले पाणी झिरपून साठून राहत नाही, ओढ्यांतून धावत दरीत उतरते, आणि दरीच्या तळाशी धरण आहे. वस्ती मात्र वर, डोंगराच्या सोंडेवर. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे पाडे अशा उंचीवर आहेत की अंगणात उभे राहिले तर खाली निळ्याभोर पाण्याचा विस्तार दिसतो आणि मागे वळले तर विहिरीचा कोरडा तळ दिसतो. धरणातले पाणी त्यांच्यापर्यंत चढवायचे तर पंप हवा, पंपाला वीज हवी, विजेचे बिल भरावयास ग्रामपंचायतीच्या तिजोरीत पैसा हवा. आणि नगराकडे जाणाऱ्या पाण्याला यांपैकी काही नको, त्याला उतार आहे. पाणी उताराकडे वाहते हा निसर्गनियम झाला. परंतु ते सत्तेच्या आणि संपत्तीच्या उतारानेही वाहते, ही व्यवस्था माणसाने केलेली आहे, आणि म्हणून ती माणसाला बदलताही येईल. त्या मुलुखात एक म्हण लोकांच्या ओठांवर सदैव असते: धरण उशाला नि कोरड घशाला. तिच्यात ज्याला नुसती यमकाची गंमत वाटते, त्याने एकदा एप्रिल-मे महिन्यांत तेथे जाऊन यावे. दर उन्हाळ्यात सरकारी टँकर त्या पाड्यांना पाणी पोहोचवितात, आणि टँकरच्या वाटेवरच मुंबईचे नळ आडवे पडलेले असतात. घाटमाथ्यावरच्या भावली धरणातून उताराने शहापूरला पाणी आणण्याची योजना अलीकडे मंजूर झाली आहे. ती पूर्णत्वास जावी, अशी इच्छा धरणाचे पाणी पिणाऱ्या प्रत्येक उपनगरवासीयाने मनोमन धरली पाहिजे, आणि आपल्या लोकप्रतिनिधीला त्याबद्दल विचारलेही पाहिजे.

तहानेच्या आधी विस्थापन येते. ज्याची जमीन बुडते त्याला मोबदला मिळतो, असे कायदा म्हणतो. पण कायद्याची दृष्टी दप्तरावर असते. जमिनीच्या नोंदीवर ज्याचे नाव, तो खातेदार. वर्षानुवर्षे डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणारा, पण कागदोपत्री कोठेच नसलेला आदिवासी, तो कोण? या प्रश्नाचे फार कडवट उत्तर शंभर वर्षांपूर्वी मुळशीने दिले, आणि तेथेही तो प्रकल्प मुंबईसाठीच होता. टाटांनी खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू करून गिरण्यांना वीज दिली होती. तिच्या पाठोपाठ मुळा-नीला संगमावर धरण बांधून त्याचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून भिरा येथे सोडावे, असा बेत झाला. मावळाला अन्न देणारी भातशेती आणि पन्नासाच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ सालच्या रामनवमीस मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट यांनी त्यांचे नेतृत्व केले, आणि ‘सेनापती’ ही त्यांची पदवी त्याच लढ्यातून रूढ झाली. परंतु बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. सावकारांनी मोबदला घेऊन कागदावर सही केली, आणि कसणारा कूळ मोबदल्यावाचून आणि जमिनीवाचून राहिला. बापट सात वर्षांची शिक्षा भोगावयास तुरुंगात गेले, भिंत उभी राहिली, १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईस येऊ लागली. नदीकाठच्या माणसांनी धरणाविरुद्ध केलेल्या संघटित लढ्यांत हा जगातील फार आरंभीच्या लढ्यांपैकी एक गणला जातो. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा व्हावयास त्यानंतर १९७६ साल उजाडावे लागले, आणि कोयनेच्या, नर्मदेच्या विस्थापितांच्या दरखास्ती पाहिल्या म्हणजे कायदा झाला तरी अंमल मागे राहिला हे दिसते.

माणसांनंतर नदीकडे वळू. तिची दाद घेणारे दप्तर कोठेच नाही, आणि तिच्या वतीने फिर्याद करणारे फार थोडे. धरणाने नदी अडली म्हणजे नुसते पाणी अडत नाही. तिच्यासोबत वाहणारा गाळ जलाशयाच्या तळाशी बसतो. एकीकडे जलाशयाची क्षमता वर्षागणिक घटते, दुसरीकडे खाडीच्या मुखाला आणि किनाऱ्याला मिळणारी माती तुटते. आस्वानचे धरण झाल्यावर नाईलच्या मुखाशी जमीन समुद्र खाऊ लागला, कारण वर्षानुवर्षे तिला पोसणारा गाळ आता जलाशयात अडकला होता. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की खारे पाणी खाडीतून वर सरकते. खाडीतील मासळी याच गोड्या-खाऱ्याच्या मिश्रणात अंडी घालते आणि वाढते, म्हणून त्याचा परिणाम शेवटी मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण तर आपल्या अंधेरी-कुर्ल्याच्या मधूनच वाहते. मिठीला वरून जे बारमाही पाणी मिळावयाचे ते विहारने आणि पवईने अडविले; उरलेल्या आठ महिन्यांत तिच्या पात्रात वाहावयास काय राहिले? प्रथम कारखान्यांचे आणि मग वस्त्यांचे सांडपाणी. नदीत पाणी दिसत नाही असे झाले की माणूस तिला नदी म्हणणे सोडतो, तिच्या काठावर भराव घालतो, तिला भिंती घालून अरुंद करतो. आमच्या पिढीने मिठीला ‘नाला’ म्हणताना मोठ्यांना ऐकले आणि आम्हीही तसेच म्हणू लागलो. मग २६ जुलै २००५ चा दिवस आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तलाव ओसंडले, समुद्रास भरती आली, आणि जिला आपण विसरलो होतो ती नदी आपल्या मूळ रुंदीनिशी परत आली. त्या दिवशी मी घाटकोपरहून मुलुंडपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलो. वाटेत एका वृद्ध गृहस्थाने विचारले, हा पूर कोणत्या नदीचा? आसपासच्या दहा-वीस जणांपैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. बोरिवलीच्या दहिसर आणि पोयसर या नद्यांची अवस्था काही निराळी नाही. त्याही त्याच अरण्यातून निर्मळ निघतात आणि महामार्ग ओलांडेपर्यंत काळ्या होतात.

भिंतीपाठच्या पाण्याला स्वतःचा भार असतो, आणि तो कधी भूगर्भाची, कधी माणसाच्या बेफिकिरीची परीक्षा पाहतो. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, आणि मोठ्या जलाशयाच्या भाराने भूकंप उद्भवू शकतो काय या प्रश्नाच्या अभ्यासात कोयनेचे नाव साऱ्या जगात उच्चारले जाऊ लागले. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गोष्टी म्हणून त्या बाजूला सारता येत नाहीत: २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटून वीसच्या आसपास माणसे वाहून गेली, आणि त्याच्या अगोदरच्याच रात्री मालाडच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीच्या आवाराची भिंत पावसाच्या दाबाने कोसळून पायथ्याच्या झोपड्यांत तिसाच्या आसपास जीव गेले. ती धरणाची भिंत नव्हती. पण पाणी साठविणाऱ्या उंच जागेच्या पायथ्याशी कोण राहतो, हे त्या रात्री दिसले.

आता पुन्हा भिंतींचे नवे बेत चालू आहेत. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९४ च्या सुमारास मुंबईसाठी मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ असा धरणांचा क्रम सुचविला. पहिले झाले, दुसऱ्याचा विचार चालू आहे. गारगाईतून दिवसाला ४४० दशलक्ष लिटर मिळतील, पण त्यासाठी सहा गावांना झळ बसेल, तानसा अभयारण्याचा काही भाग पाण्याखाली जाईल, आणि लाखांच्या संख्येत झाडे जातील. मनोरीच्या किनारी समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प, आरंभी दिवसाला २०० दशलक्ष लिटरांचा, दुसऱ्या पारड्यात आहे. त्याला वीज पुष्कळ लागते, आणि उरलेले तीव्र खारे पाणी किनारपट्टीवर सोडावे लागते, याचाही हिशेब झाला पाहिजे. दोन्ही पर्यायांत त्याग आहे. मला पटत नाही ती एकच गोष्ट, की त्यागाच्या यादीत आपले नाव कोठेच असू नये आणि गारगाईत बुडणाऱ्या ओगदे गावाचे मात्र असावे. पालिकेच्याच अंदाजानुसार पुरविलेल्या पाण्यापैकी एक चतुर्थांशाहून अधिक गळतीत, चोरीत आणि मोजणीविना जाते. गारगाईच्या पाण्याची आणि या पाण्याची तुलना करा, म्हणजे दुसरे दुपटीहून अधिक भरते. नव्या धरणाचा अर्ज करण्याअगोदर हे छिद्र बुजवावे. पालिकेच्या आवारातील बावड्यांचे, सोसायट्यांच्या विहिरींचे पाणी बागेस आणि शौचालयास वापरावे. हिवतापाच्या भीतीने शतकापूर्वी बुजविलेल्या विहिरी जिथे उघडता येतील तिथे उघडाव्यात. आणि गच्चीवरचा पाऊस गटारात न सोडता जमिनीत जिरवावा. हे सारे केल्यावरही धरण लागले, तर ते बांधावे, आणि बांधताना पहिली नळाची जोडणी धरणाच्या वरच्या पाड्याला द्यावी, असा माझा आग्रह आहे. धरण मूळ पाप आहे असे म्हणणाऱ्यांत मी नाही, कारण तसे म्हणायचे तर सकाळी नळाखाली तोंड धुताना मला लाज वाटली पाहिजे. पण धरणाची किंमत ज्याने मोजली त्याला आपण ओळखतही नाही, याचे ओझे मात्र मला वाटते.

मुलुंडला आमच्या गल्लीत पहाटे साडेपाचला चावीवाला येतो. हातातल्या लांब लोखंडी चावीने तो रस्त्याकडेचे झाकण उघडून वाकून व्हॉल्व्ह फिरवितो. मग दोन-तीन मिनिटे नळांतून हवा घरघरते, आणि त्यानंतर पाणी येते. पिंप भरतात, टाक्या भरतात, कोणी मोटार धुवावयास घेतो. सारा कारभार तासाभरात आटोपतो, आणि ही व्यवस्था अशीच चालत राहील याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते.

शहापूरच्या त्या पाड्यावर मी गेलो तो वैशाखातील दुपारचा प्रहर होता. विहिरीच्या आत दगडांच्या पायऱ्या होत्या आणि तळाशी, ओल्या कातळाच्या एका खाचेत, ओंजळभर पाणी झिरपून साचत होते. ती बाई उकिडवी बसून पितळी वाटीने ते उचलून हंड्यात घाली. पंधरा-वीस वाट्या झाल्या की खाच रिकामी होई, मग ती हात गुडघ्यांवर ठेवून बसून राही, आणि पुन्हा साचले की पुन्हा हात घाली. वर दुसऱ्या तिघीजणी आपापले हंडे घेऊन पाळीची वाट पाहत होत्या. मी काठावर उभा राहून किती वेळ पाहत होतो ते मला सांगता येणार नाही. हंडा भरला तेव्हा ती वर आली, डोक्यावरून तो उतरवून सावलीत ठेवला आणि कोठून आलात, भाऊ, असे तिने विचारले. मुलुंड म्हणून मी सांगितले. मुंबईला म्हणजे, असे म्हणून ती झोपडीत गेली, तांब्या आणला, पदराचे टोक हंड्याच्या तोंडावर धरून त्यातून पाणी गाळून घेतले आणि उन्हातून आलात, असे म्हणत तो तांब्या तिने माझ्या हाती दिला.